आघारकर गेले, वर्धिनी राहिली

आचऱ्याहून मालवण काही फार दूर नाही. तरीही मालवणात १८ नोव्हेंबर १८८४ रोजी जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे नाव आमच्याकडे काढावे, तर लोक गोपाळ गणेश आगरकरांविषयीच सांगू लागतात. गंमत म्हणजे पुण्यात आघारकरांची संस्था आहे, तीही गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच!

एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारा हा तरुण सह्याद्रीत मनसोक्त हिंडत असे. तिथल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. समुद्रातला जेलीफिश आम्हा किनाऱ्यावरच्यांना नवा नाही; पण नदीतली ही जात तोवर केवळ आफ्रिकेतच ठाऊक होती. १९१२ साली हा शोध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे रासबिहारी घोष यांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात निर्माण झालेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदावर त्यांची निवड झाली. अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि पहिल्या महायुद्धामुळे तिथेच अडकले. त्याही दिवसांत त्यांनी एंग्लर यांच्या हाताखाली बर्लिनला डॉक्टरेट मिळवली. विषय होता वायव्य हिंदुस्थानच्या कोरड्या मुलखातल्या वनस्पतींचा प्रसार. जन्म मालवणच्या पावसातला आणि अभ्यास वाळवंटी झाडांचा! परतल्यावर १९४६ पर्यंत त्यांचे वास्तव्य कलकत्त्यातच होते.

या वास्तव्यात त्यांच्या शहरात जे घडले, ते त्यांच्या चरित्रात सहसा सांगितले जात नाही. मला मात्र ते महत्त्वाचे वाटते. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था उभी केली होती. सी. व्ही. रामन १९१९ पासून तिचे सचिव होते. १९२८ चा तो जगप्रसिद्ध शोध तिथलाच. १९३३ मध्ये रामन बंगलोरच्या विज्ञान संस्थेचे संचालक होऊन गेले, पण कलकत्त्याची सूत्रे हातून सुटू नयेत असे त्यांना वाटत होते. आजीव सभासद कोण आणि किती असावेत, यावरून तट पडले. विरोधकांनी नवे सभासद मोठ्या संख्येने दाखल करून घेतले आणि १९३४ च्या सभेत नोबेल पारितोषिकाचा मानकरी मतांनी हरला. बंगलोरलाही कौन्सिलशी बिनसलेच. आयर्विन समितीने चौकशी केली आणि १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते राहिले.

बँकेत संस्थांची खाती सांभाळताना मी संस्थेची प्रकृती तिच्या सह्यांच्या नमुन्यांच्या कार्डावरून ओळखायला शिकलो. वीस-वीस वर्षे त्याच तीन सह्या. हात थरथरू लागला तरी सही बदलत नाही. मग एके दिवशी दोन गट दोन ठराव घेऊन काउंटरशी उभे राहतात. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट पडून असतो, खाते गोठते आणि महिनाअखेरीस शिपायाचा पगार अडतो. भांडण विद्वानांचे असले तरी उपाशी शिपाईच राहतो. आमच्या आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. त्याला गावपळण म्हणतात. घर सोडण्याचा असा सराव संस्थाचालकांना मात्र कुणी देत नाही.

निवृत्तीच्या वयात, १९४६ साली, आघारकरांनी पुण्यात 'महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी' उभारण्याच्या कामात स्वतःला झोकून दिले. इंग्रजी नाव 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स', म्हणजे थेट कलकत्त्याच्या संस्थेच्या वळणाचे. या नावाबरोबर तिथली भांडणे काही त्यांनी पुण्याला आणली नाहीत. स्वतः ते संस्थापक-संचालक झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. खरे सांगायचे तर हीच मोठी जोखीम होती. चौदा वर्षे एकच माणूस संचालक असला, की संस्था आणि माणूस यांतला फरक लोकांना दिसेनासा होतो. २ सप्टेंबर १९६० रोजी ते वारले, तेव्हा मालवणच्या या माणसामागे वर्धिनीही जाते की काय, हा प्रश्न होताच.

वर्धिनी गेली नाही. संचालक बदलले, नियामक मंडळावरची नावे बदलली, केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा आधार मिळाला. वनस्पतिशास्त्राबरोबर गहू, सोयाबीन, द्राक्षे यांवर काम चालू राहिले. आघारकरांचे नाव संशोधन संस्थेला मिळाले ते १९९२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी. हयातीत स्वतःचे नाव लावून घेणारे संस्थापक मी थोडेथोडके पाहिलेले नाहीत, म्हणून ही बत्तीस वर्षे माझ्या लक्षात राहिली. मूळ वर्धिनीचे नाव तेच राहिले. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी पाहिलीत तर तिच्यावर 'एमएसीएस ११८८' असे लिहिलेले आढळेल. ती अक्षरे वर्धिनीच्या इंग्रजी नावाची आहेत.