रेव्हरंड टिळक आणि प्रेषणाची आज्ञा

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र बहुधा १८९५ मधील धर्मांतराभोवती रचले जाते. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील दुसरे, तितकेच निर्णायक वळण झाकोळले जाते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. ख्रिस्ती मंडळीला शास्त्राने दिलेली प्रेषणाची आज्ञा कोणी व कशी पाळावयाची, हा प्रश्न त्या कृतीच्या मुळाशी होता.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृताध्ययन झाले. पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथकार्य घडले. स्वतःचाच धर्मपंथ काढावा असे विचार मनात घोळत असताना, राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी कशी मोजली, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

पुढील दोन दशके टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. नगरला अध्यापन, मंडळीसाठी पद्यरचना, कीर्तने, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन, असा हा व्याप होता. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताजवळ पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. अभंगाचा स्वीकार ही त्यांच्यासाठी केवळ प्रचाराची सोय नव्हती.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांस सर्व राष्ट्रांकडे पाठवितो. ही आज्ञा केवळ प्रेषितांपुरती नसून सर्व काळच्या मंडळीस बंधनकारक आहे, असे विल्यम कॅरीने १७९२ मध्ये प्रतिपादिले आणि प्रॉटेस्टंट मिशन-चळवळीस त्यातून मोठे बळ मिळाले. परंतु हिंदुस्थानात या आज्ञेचे पालन परदेशी निधी, मिशनचे आवार आणि पगारी उपदेशक यांच्याद्वारे होऊ लागले. एतद्देशीय ख्रिस्ती हा पाठविलेला शिष्य न राहता नोकर ठरला. लूकच्या दहाव्या अध्यायातील सत्तर जण थैली न घेता निघतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मोबदल्याचा आपला हक्क मान्य करूनही तो सोडून देतो. टिळकांचा वेतनत्याग या परंपरेत बसतो. त्यास केवळ राष्ट्रीय भावनेचा उद्रेक मानणे अपुरे आहे, जरी ती भावना त्यांच्या ठायी उत्कट होती.

खरी अडचण दरबारच्या रचनेत होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे बंधुत्वाने स्थान होते. मत्तयाच्या वचनात मात्र शिष्य करणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकविणे या क्रिया एकत्र गुंफलेल्या आहेत. प्रेषितांच्या कृत्यांतील पंधराव्या अध्यायात परराष्ट्रीयांवरील सुंतेचे बंधन नाकारले गेले. त्याच न्यायाने, समाजबहिष्काराचे चिन्ह बनलेला बाप्तिस्मा प्रवेशाची अट असू नये, असा युक्तिवाद दरबारच्या बाजूने करता येईल. दहाव्या अध्यायातील कर्नेल्यावरही पवित्र आत्मा बाप्तिस्म्यापूर्वीच उतरतो. पण तेथेच पेत्र लगेच त्याच्या बाप्तिस्म्याची आज्ञा देतो, हे विसरता येत नाही. म्हणजे शास्त्राचा आधार टिळकांना अर्ध्या वाटेपर्यंत मिळतो. उरलेली वाट त्यांनी भक्तिसंप्रदायाच्या अनुभवावर विसंबून चालली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वारकऱ्यास दिंडीत शिरण्यापूर्वी जात टाकावी लागत नाही. मिशनच्या आवारात शिरणाऱ्याचे मात्र घर तुटत असे, आणि ते कसे तुटते हे टिळकांनी स्वतः पाहिले होते.

या प्रयोगास पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. ‘ख्रिस्तायना’चे आरंभीचे अध्यायच त्यांच्या हातून लिहून झाले होते, पुढील रचनेचा मुख्य भार लक्ष्मीबाईंनी उचलला.