नारायण वामन टिळक : घरातील उपासनेचा मराठी सूर

उद्दिष्टे

हा उपघटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या जीवनाची रूपरेषा सांगता येईल.
• ख्रिस्ती उपासनागीतांसाठी त्यांनी अभंग आणि ओवी हे छंद का स्वीकारले, हे स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, फुलामुलांचे कवी म्हणून टिळक आपल्याला शालेय जीवनापासून परिचित आहेत. येथे आपण त्यांच्या कार्याची दुसरी बाजू पाहणार आहोत. धर्म बदलला म्हणजे गाण्याची भाषाही बदलावी लागते काय, हा प्रश्न मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

जीवनपट

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. काव्याची आवड त्यांना आई जानकीबाईंकडून मिळाली. नाशिकला संस्कृतचे अध्ययन झाले. लक्ष्मीबाईंशी विवाह झाल्यानंतरही त्यांचे मन एका गावी वा एका नोकरीत फारसे रमले नाही. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आरंभी आपले सोवळे सोडले नव्हते. १९०० साली, स्वतःच्या विचाराने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका छपराखाली दोन श्रद्धा नांदत असताना कुटुंबाने एकत्र प्रार्थना करणे किती अवघड असते, हे टिळकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

उपासनेतील भाषिक अडचण

टिळकांपूर्वीची मराठी ख्रिस्ती गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. इंग्रजी गीताची लय शब्दांतील आघातावर उभी असते. मराठी पद्याची लय अक्षरसंख्येवर किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रांवर उभी असते. त्यामुळे परक्या चालीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्व स्वर ताणले जात, दीर्घ स्वर आखडत आणि कधी शब्द मध्येच तुटे. मंदिरात वाद्याची व शिकविणाऱ्याची साथ असल्याने हे निभावून जाई. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज मात्र मोठ्या प्रमाणात ग्रामीण, दलित आणि निरक्षर होता. त्यांच्या घरी संध्याकाळी पुस्तक कोण उघडणार आणि चाल कोण सांगणार?

टिळकांनी याचे उत्तर मराठी परंपरेत शोधले. थोरल्या अभंगाची रचना आठवा : सहा अक्षरांचे तीन चरण, चार अक्षरांचा चौथा चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. एकाने चरण म्हणावा, इतरांनी पालुपद धरावे, हातात टाळ असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. असे गीत ऐकूनच पाठ होते. आजी, सून आणि लहान मूल एकाच वेळी त्यात सामील होऊ शकतात. दळणकांडणाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या ओवीचेही तसेच आहे.

हा सूर हिंदू उपासनेचा नव्हे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. टिळकांच्या मते आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोहोचलो होतो. म्हणून अभंग त्यांना उसना वाटला नाही, तो मायबोलीचा वारसा होता. या वाटेवर ते एकटेही नव्हते. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीतच प्रसिद्ध झाले होते आणि अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता.

उत्तरायुष्य

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य तेव्हा अपुरेच होते. अक्षरओळखीपुरतेच शिक्षण झालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे ६४ अध्याय रचून ते पूर्ण केले. जो धर्म एके काळी या दोघांमध्ये भिंतीसारखा उभा राहिला होता, त्याच धर्माची कथा दोघांनी मिळून एका ग्रंथात सांगितली.

समारोप

‘उपासना संगीत’ या संग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे आणि मराठी ख्रिस्ती मंदिरांत व घरांत त्या आजही गायिल्या जातात. श्रद्धा नवी असली तरी ती जुन्या, ओळखीच्या लयीत उच्चारता आली, म्हणून ती घरात रुजली, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. भाषांतरित गीते मराठी कुटुंबांना घरी गाण्यास अवघड का जात? छंदाच्या आधारे उत्तर लिहा.
२. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून एखादा अभंग ऐकून लिहून घ्या. त्यातील चरणांची अक्षरे मोजा, यमकाचे स्थान ओळखा आणि तो न वाचताही पाठ का होतो, याविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.