अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

बालवाडी आणि अंगणवाडी हे दोन शब्द आज मराठी भाषेत इतके मुरले आहेत की, ते कोणाच्या परिश्रमांतून घरोघरी पोहोचले असतील, हा प्रश्नही सहसा मनात येत नाही. शासनाच्या योजनेतला एक शब्द, एवढीच अंगणवाडीची ओळख अनेकांना असते. त्या शब्दातले अंगण हे मात्र खरेखुरे अंगण होते. शेणाने सारवलेले, कोंबड्या फिरत असलेले, आणि ज्या घरातून मूल शाळेत येत नव्हते त्याच घरापुढचे. त्या अंगणात शाळा नेण्याचा निर्णय ताराबाई मोडक यांनी वयाची पन्नाशी उलटल्यावर घेतला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी केळकर कुटुंबात झाला. माहेरचे वातावरण प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचे होते. मुलीने शिकावे याविषयी घरात दुमत नव्हते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु ते सहजीवन टिकले नाही आणि १९२१ साली दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी, पाठीशी पती नाही, आणि चरितार्थाचा भार स्वतःवर. अशा अवस्थेत त्यांनी राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, वेतन चांगले होते. सामान्य माणूस तेथेच स्थिरावला असता.

राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरात त्याच सुमारास एक विलक्षण प्रयोग चालू होता. नानाभाई भट्ट यांनी १९१० साली स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका या गृहस्थांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करता करता त्यांच्या हाती मादाम माँटेसोरी यांच्या पद्धतीविषयीचे वाचन आले आणि वकिली सुटली ती कायमची. गुजराती घरांतून आजही ज्यांच्या बालवार्ता सांगितल्या जातात, तेच हे गिजुभाई. मुलांनी त्यांना मिशीवाली आई ठरवून टाकले होते.

ताराबाई १९२३ साली भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. तेथे त्यांनी जे पाहिले ते त्या काळच्या शाळांच्या अगदी उलटे होते. छडी नव्हती. पहिला-दुसरा नंबर नव्हता, बक्षीसही नव्हते. दट्टापेट्या, मनोरे, रंगांच्या पट्ट्या मुलांच्या हाताला येतील अशा ठेवलेल्या असत. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, हवा तितका वेळ त्यात रमावे आणि काम झाल्यावर जागच्या जागी नेऊन ठेवावे. शिक्षिकेने बोलायचे थोडे आणि पाहायचे फार. तीन-चार वर्षांचे मूल एकाच पेटीतले दट्टे पुन्हा पुन्हा काढते आणि घालते, तेव्हा ते वेळ वाया घालवत नसून आपली बुद्धी आणि आपले हात स्वतःच घडवीत असते, ही जाणीव हा या पद्धतीचा गाभा होता. शिस्त बाहेरून लादावी लागत नाही, काम मनाजोगते मिळाले की ती आतून उगवते, हे ताराबाईंनी तेथे डोळ्यांनी पाहिले. पुढील सर्व आयुष्य त्यांनी या एका अनुभवाच्या बळावर काढले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिकेद्वारे हे विचार पालकांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचू लागले. मातृभाषा मराठी असलेल्या ताराबाई गुजरातीतूनही सहजपणे लिहू लागल्या होत्या; पुढे पत्रिकेची मराठी आवृत्तीही त्यांनी चालवली. मुलांचा हट्ट, मुलांचे खोटे बोलणे, मुलांना मारावे की नाही, अशा आईबापांच्या नित्याच्या अडचणींवर त्यांनी साध्या भाषेत लिहिले. बालमानसशास्त्र हा शब्दही ज्या घरांत पोहोचला नव्हता, तेथे त्यातला आशय पोहोचला.

१९३६ साली त्यांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. बालमंदिराबरोबर शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही उभे राहिले. सुशिक्षित पालक विश्वासाने मुले पाठवीत होते, कार्य नावारूपाला आले होते. तीनच वर्षांनी, २३ जून १९३९ रोजी, गिजुभाईंचे निधन झाले. दैवाचा योग असा की, ज्या माँटेसोरीबाईंचा विचार त्यांनी पश्चिम भारतात रुजवला त्या स्वतः त्याच वर्षी काही महिन्यांनी भारतात आल्या आणि दोघांची भेट राहून गेली. संघाच्या कार्याचा मोठा भार आता ताराबाईंच्या खांद्यांवर आला.

येथवरचे चरित्र एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञ स्त्रीचे आहे. यानंतरचे निराळे आहे.

माँटेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या मजुरांच्या गरीब वस्तीत उघडले होते. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत आणि गल्ल्यांत भटकणाऱ्या पोरांसाठी ते होते. आपल्या देशात येईपर्यंत मात्र त्याच पद्धतीला गुळगुळीत लाकडी साधने, स्वतंत्र वास्तू आणि शुल्क चिकटले. जे शिक्षण मजुरांच्या मुलांपासून जन्मले ते आपल्याकडे मध्यमवर्गाचे भूषण झाले. आजच्या शहरांतील एखाद्या महागड्या बालकमंदिराच्या फाटकावर ते इटालियन नाव पाहिले की ही विसंगती प्रकर्षाने जाणवते. ताराबाईंना ती ऐंशी वर्षांपूर्वी जाणवली. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत नई तालीमचा विचार शाळापूर्व वयापर्यंत विस्तारला गेला. खेड्यातल्या दरिद्री मुलाला ही पद्धत परवडेल काय, हा प्रश्न उघडपणे पुढे आला. त्याचे उत्तर दादरमध्ये बसून देणे शक्य नव्हते.

१९४५ च्या अखेरीस ताराबाईंनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. वय त्रेपन्न. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे दुर्दैव सोसून शिकलेल्या आणि पुण्यात शिक्षिका झालेल्या अनुताई त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंच्या सहवासात आल्या. त्या बोर्डीला गेल्या, आणि तेच त्यांचे जीवितकार्य झाले.

बालवाडी उघडली, परंतु जी मुले यावीत म्हणून हा खटाटोप होता ती येईनात. गावाच्या कडेच्या वस्त्यांतील मुले बुजत. त्यांच्या आया पहाटेच मजुरीला जात. मुलाला न्हाऊ घालून, कपडे घालून शाळेत पाठवणार कोण? जातीच्या भिंती होत्याच. दुसऱ्या कोणी पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन हजेरीपट मिटला असता. ताराबाईंनी दोष आपल्या व्यवस्थेत शोधला. मूल हे केंद्र असे आपण म्हणतो, मग चालत यायचे ते मुलानेच का? शिक्षिकांनी पिशवीत साहित्य घेतले आणि त्या वस्तीत गेल्या. कोणाच्या तरी अंगणात चटई पसरली. आधी नखे काढणे, केस विंचरणे, हातपाय धुणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. मध्यवर्ती बालवाडी एका ठिकाणी आणि तिच्या भोवती वस्त्यावस्त्यांतून अंगणवाड्या, अशी रचना तयार झाली.

साधनांचा प्रश्नही तसाच सुटला. समुद्रावरचे शंखशिंपले, चिंचोके, गुंजा, बांबूच्या नळ्या, पाने, गारगोट्या, माती यांतून मोजणे, लावणे, निवडणे, रंग ओळखणे असे सर्व खेळ उभे राहिले. किमती पेटीतून जे इंद्रियशिक्षण मिळते तेच पानांचे लहानमोठे आकार लावतानाही मिळते, हे सिद्ध झाले. यात पद्धतीशी प्रतारणा झाली असे कर्मठ अनुयायांना वाटू शकते. प्रस्तुत लेखकाला मात्र ती पद्धत येथेच आपल्या मूळ घरी परतली असे वाटते.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कार्याचे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे वस्ती वारली आदिवासींची. जमीनदार आणि सावकारांच्या वेठबिगारीने पिचलेला हा समाज १९४५ च्या उठावानंतर नुकताच मान वर काढत होता. शाळेवर विश्वास बसावा असे त्याच्या अनुभवात काही नव्हते. पुस्तकी मराठी मुलांच्या कानांना परकी होती. सहा-सात वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन दिवसभर फिरे आणि मुलगा गुरांमागे रानात जाई. त्या मुलीला शाळेत आणायचे तर भावंडाचे काय? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी आकाराला आली. धाकटे पाळण्यात, मधले खेळात आणि थोरली अक्षरे गिरवते आहे, असे दृश्य तेथे दिसू लागले. गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाखाली चालणारी ही कुरणशाळा.

सर्व काही साधले असे नव्हे. गवतकापणीचा हंगाम आला की आईबापांबरोबर मुलेही जात आणि हजेरी ओसरे. पोट भरले नाही तर मूल शिकत नाही, हा धडा शिक्षिकांना रोज मिळत असे. तरी वर्षानुवर्षे काम चालत राहिले आणि दूरदूरचे शिक्षक ते पाहण्यासाठी टेकडी चढू लागले. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर दोघींनी मिळून बोर्डीच्या त्या पहिल्या चटईला सत्तेचाळीस वर्षे दिली होती.