तुपाविना चरबी

करी रोड स्टेशनवरून लालबागच्या चिवडा गल्लीकडे वळलं की तळणाचा वास येतो. डॉक्टरांनी बजावल्यामुळे हल्ली त्या वासावरच समाधान मानणारे बरेच आहेत. तरीही त्यांच्यापैकी काहींच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेलीच निघतात, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसते. तेल-तूप सोडलं, मग ही आली कुठून? त्यातली काही शरीरानेच बनवलेली असते, भात, पाव आणि दिवसभराच्या गोड चहापासून. साखरेचं मेदाम्ल कसं होतं, हे उलगडणाऱ्यांत फिओडोर लिनेन हे मोठं नाव.

लिनेन यांचा जन्म १९११ चा, म्युनिकचा. वडील इंजिनीअरिंगचे प्राध्यापक. तरुणपणी स्कीइंग करताना पाय कायमचा अधू झाला आणि तीच इष्टापत्ती ठरली, कारण हिटलरच्या सैन्यात जावं लागलं नाही. नोबेलविजेते हाइनरिश वीलांड हे त्यांचे गुरू. विषारी अळंब्यांवरच्या प्रबंधासाठी १९३७ साली डॉक्टरेट मिळाली, त्याच वर्षी गुरूंची मुलगी एव्हा हिच्याशी लग्नही झालं. पुढे बॉम्बहल्ल्यांत म्युनिकची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली आणि काम शहराबाहेर हलवावं लागलं.

मेदाम्लाची वीट म्हणजे ॲसेटिक आम्ल, व्हिनेगरमधलं, हे तोवर कळलं होतं. पण साधं ॲसेटिक आम्ल सुस्त असतं. शरीरात त्याला चपळ करतं कोण? अमेरिकेत फ्रिट्झ लिपमन यांना कोएन्झाइम-ए सापडलं होतं, ज्याच्या घडणीत एक ब जीवनसत्त्व असतं. १९५१ साली लिनेन यांनी यीस्टमधून ते चपळ रूप वेगळं काढलं. ॲसेटिक आम्ल कोएन्झाइम-एच्या गंधकाला बांधलेलं होतं. सगळा शोध त्या गंधकाशी येऊन थांबला होता.

पुढे मात्र गंमत झाली. मेदाम्ल तुटताना दोन-दोन कार्बन सुटतात, म्हणजे बनतानाही तीच वाट उलटी चालायची, असा सर्वसाधारण समज होता. तो चुकीचा निघाला. अमेरिकेत सलीह वकील आणि सहकाऱ्यांना दिसलं की बांधणीला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो वाहून आणणारं जीवनसत्त्व बायोटिन हे काम कसं करतं, ते लिनेन यांनी दाखवलं. दोन कार्बनच्या विटेला तिसरा जोडला जातो आणि साखळीत बसताना तो पुन्हा निघून जातो. हा वरवर निरर्थक उद्योगच जोडणीला जोर देतो. अशा सात फेऱ्यांत सोळा कार्बनचं पामिटिक आम्ल तयार होतं. यीस्टमध्ये ही सगळी कामं एकाच मोठ्या एन्झाइम-संचात चालतात, असंही लिनेन यांनी दाखवलं. सूतकताईपासून कापडापर्यंत सगळी खाती एकाच आवारात असणारी गिरणी करी रोडला वेगळी समजावून सांगायला नको.

१९६४ चं नोबेल त्यांना कॉनराड ब्लॉख यांच्यासोबत मिळालं. ब्लॉखही म्युनिकमध्येच शिकलेले, पण ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला होता.

लिनेन १९७९ साली वारले. तिसरा कार्बन जोडणारं एन्झाइम हा या गिरणीचा मुख्य नळ आहे. जेवणानंतरचं इन्सुलिन तो उघडतं, उपवासात तो आवळला जातो. अलीकडे हा नळ औषधाने बंद करून पाहिला गेला. रुग्णांच्या यकृतातली चरबी उतरली, पण रक्तातली ट्रायग्लिसराइड वाढली.