स्वयंपाकाचं शिक्षण नाही, तरी जर्मनीचा पहिला टीव्ही शेफ झाला

रील उघडलं की कुणीतरी फोडणी देत असतं आणि मध्येच एखाद्या मसाल्याचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरतं. आपल्याला हे सगळं नवीन वाटतं. पण जर्मनीत एका माणसाने हेच 70 वर्षांपूर्वी केलं होतं. त्याचं नाव क्लेमेन्स विल्मेनरोड.

खरं नाव कार्ल क्लेमेन्स हान. जन्म 1906 चा, ओबरत्सोइत्सहाइम गावातला. विल्मेनरोड हे आडनाव त्याने त्याच भागातल्या एका गावावरून उचललं. धंद्याने तो नट होता. आचारी म्हणून त्याने कुठलंच शिक्षण घेतलं नव्हतं.

पश्चिम जर्मनीत डिसेंबर 1952 मध्ये टीव्हीचं नियमित प्रसारण सुरू झालं आणि 20 फेब्रुवारी 1953 ला हा गडी पडद्यावर आला. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ होता, दहा मिनिटांत जेवायला या.

आता प्रश्न पडतो, शेफ नसताना तो चालला कसा?

तर काळ लक्षात घ्या. महायुद्धात देश उद्ध्वस्त झाला होता. रेशन कार्डं जाऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. लोकांना पोटभर तर हवंच होतं, पण थोडी चैनही हवी होती. विल्मेनरोडने हे बरोबर ओळखलं. डब्यातली फळं, केचप असं तयार सामान तो बिनधास्त वापरायचा आणि पदार्थाला भारी नाव द्यायचा. खिम्याच्या साध्या पदार्थाला त्याने थेट अरबी घोडेस्वाराचं नाव दिलं. सोबत किस्से सांगायला नट होताच.

ब्रेडवर हॅम, अननसाची चकती आणि चीज ठेवून भाजलेला टोस्ट हवाई त्यानेच 1955 च्या सुमारास घराघरात पोहोचवला. हवाई बेट कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याची चव डब्यातल्या अननसातून मिळत होती. त्याने टीव्हीवर एखादी वस्तू वापरली, की दुकानात तिला मागणी यायची.

आणि इथेच गाडी घसरली. लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या वाहिनीवर तो ठरावीक कंपन्यांच्या वस्तूंची छुपी जाहिरात करतो, असा आरोप झाला. 1959 मध्ये डेर श्पीगल या नामांकित साप्ताहिकाने हे प्रकरण छापलं. खरे आचारी तर आधीपासूनच त्याला नावं ठेवत होते. तरी कार्यक्रम 1964 पर्यंत चालला.

शेवट मात्र वाईट झाला. पोटाच्या कर्करोगाने आजारी असताना, एप्रिल 1967 मध्ये म्युनिकच्या रुग्णालयात त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय होतं 60.

टोस्ट हवाई जर्मनीत आजही खाल्ला जातो. आणि स्वयंपाक दाखवणारा आपल्याला रेसिपी देतोय की वस्तू विकतोय, हा प्रश्नही विल्मेनरोडच्या काळापासून तसाच आहे. पुढचं रील बघताना तेवढं लक्षात ठेवा.