विश्लेषण : बाळाच्या ‘बेरा’ चाचणीमागची कल्पना रुजवणारे अडॉल्फ बेक कोण होते?

नवजात बाळाला ऐकू येतं की नाही, याची शंका आली की डॉक्टर ‘बेरा’ चाचणी लिहून देतात. बाळ झोपलेलं असतं, कानात टिकटिक आवाज सोडला जातो आणि डोक्याला चिकटवलेले इलेक्ट्रोड विजेच्या बारीक लहरी टिपतात. संवेदना मिळाली की मेंदूत विजेचा प्रतिसाद उमटतो, ही कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे. ती प्रयोगाने पक्की करणाऱ्यांत पोलंडच्या अडॉल्फ बेक यांचं नाव घ्यावं लागतं.

बेक यांनी नेमकं काय केलं?

बेक यांचा जन्म १८६३ मध्ये क्राकूव्हमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्याच विद्यापीठात नेपोलियन त्सिबुल्स्की यांच्या प्रयोगशाळेत ते काम करू लागले. सशांच्या आणि कुत्र्यांच्या उघड्या मेंदूवर दोन इलेक्ट्रोड ठेवायचे आणि गॅल्व्हनोमीटरकडे बघत बसायचं, असं ते काम. तेव्हा अॅम्प्लिफायर नव्हता, हे लक्षात घ्या! डोळ्यांवर प्रकाश टाकला की मेंदूच्या मागच्या भागातला विद्युतदाब बदलायचा. शिवाय काहीही न करता मेंदूत वीज आपोआप वरखाली होत राहते आणि संवेदना मिळताच ती थांबते, हेही त्यांना दिसलं.

शोधाचा मान कोणाला?

१८९० मध्ये बेक यांनी निष्कर्ष जर्मन नियतकालिकात छापले आणि वाद पेटला. व्हिएन्नाच्या फ्लाइशल यांनी १८८३ मध्येच सीलबंद लिफाफा अकादमीत ठेवल्याचं सांगितलं. हा वाद मिटवला तिसऱ्याच माणसाने. लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी कळवलं, की हे आपण १८७५ मध्येच जाहीर केलं आहे. २८ वर्षांच्या बेक यांचा पहिलेपणा गेला. पण त्यांच्या नोंदी जास्त तपशीलवार होत्या, हे मान्य करायला हवं.

यात ब्रेनस्टेम कुठे आला?

बेक मेंदूच्या पृष्ठभागावर मोजत होते. ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, खोल असतो. त्याचा प्रतिसाद डोक्याच्या त्वचेवर पोहोचेपर्यंत एक मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी उरतो आणि मेंदूच्या इतर गोंगाटात बुडतो. उपाय इंजिनीअरिंगवाल्यांच्या ओळखीचा : तोच आवाज हजार वेळा ऐकवा आणि सरासरी काढा. गोंगाट सुमारे ३२ पट कमी होतो, प्रतिसाद तसाच राहतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेत डॉन ज्युएट यांनी या पद्धतीने आवाजानंतरच्या १० मिलिसेकंदांतल्या लहरी दाखवल्या. पहिली लहर कानाच्या नसेतून येते, पाचवी ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातून. कोणती लहर उशिरा आली किंवा आलीच नाही, यावरून अडचण कुठे आहे त्याचा अंदाज बांधता येतो.

पुढे बेक यांचं काय झालं?

१८९५ मध्ये ते ल्वूव्ह विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात रशियन सैन्याने त्यांना ओलीस म्हणून कीव्हला नेलं; तिथून ते परतले. १९४१ मध्ये नाझी आले. पुढच्या वर्षी आजारी बेक यांना छावणीत नेण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी सायनाइड घेतलं. वय होतं ७९.