व्हायोलिनला गायला लावणारे गजाननबुवा

आपल्याकडे हळदीला नि लग्नाला बेंजो वाजतो, तो तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. पण व्हायोलिन हातात घेऊन पाहिलेले आपल्या शाळेत कितीजण असतील? म्हणून या वेळी मी पंडित गजाननराव जोशी यांची माहिती लिहायला घेतली.

गजाननबुवांचा जन्म 1911 साली मुंबईत झाला. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, मोठे गवई होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे ते शिष्य. औंध संस्थानात ते दरबारी गायक होते. साहजिकच गजाननाला पहिले धडे मिळाले ते गळ्याचे, वाद्याचे नव्हेत. तालही घरातच कानावर पडत होता. व्हायोलिन मात्र ते बहुतेक स्वतःच्या हिमतीवर शिकले.

आता हे सोपे होते का? मुळीच नाही. व्हायोलिन जेमतेम दोन फुटांचे, तारा चार. सतारीला पडदे असतात, बोट कुठे ठेवायचे ते दिसते. व्हायोलिनला पडदेच नाहीत! बोट तांदळाच्या दाण्याएवढे सरकले तरी सूर बेसूर होतो. शिवाय उजव्या हातात घोड्याच्या केसांचा गज. त्याला राळ लावायची आणि तो सारख्या दाबाने ओढायचा. युरोपात हे वाद्य उभ्याने वा खुर्चीत बसून, हनुवटीखाली धरून वाजवतात. आपले वादक मांडी घालून बसतात, वाद्याचे एक टोक छातीशी आणि दुसरे पायाच्या घोट्यावर टेकवतात. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो, बोट तारेवरून लांबपर्यंत घसरत नेता येते. त्यालाच मींड म्हणतात. पेटीवर मींड निघत नाही. 1940 साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, तिचे एक कारण हेही होते.

गजाननबुवांनी केले काय, तर जे गळ्यातून गात होते तेच तारेवर आणले. आलाप, बोल, ताना, सगळे गाण्यासारखे. साथीला बसणारे हे परदेशी वाद्य त्यांच्या हातात मैफलीचे मुख्य वाद्य झाले.

मला त्यांची सर्वात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. व्हायोलिनवादक म्हणून नाव झाल्यावर माणूस आरामात बसला असता. हे पुन्हा विद्यार्थी झाले! ग्वाल्हेरची गायकी वडिलांकडून आणि रामकृष्णबुवा वझ्यांकडून मिळाली होती. तरी आग्र्याची गायकी विलायत हुसेन खाँसाहेबांकडे आणि जयपूरची भूर्जीखाँसाहेबांकडे शिकले. तीन घराण्यांच्या तीन तऱ्हा, एकीचा सूर लावायचा ढंग दुसरीत चालत नाही. एवढे नाव झालेल्या माणसाने पुन्हा गुरुपुढे बसून चुका काढून घ्यायच्या, याला काळीज लागते बरं का! आपल्याला तर फळ्यावर बोलावले की घाम फुटतो.

त्यांनी आकाशवाणीवर नोकरीही केली. 1972 साली त्यांना व्हायोलिनसाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. वडिलांना तोच पुरस्कार 1955 साली गायनासाठी मिळाला होता.

उतारवयात ते डोंबिवलीला राहत. न्हावा शेव्याहून डोंबिवली काही फार लांब नाही. शिकवताना ते अतिशय कडक होते. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर असे नामवंत गायक त्यांच्या हाताखाली तयार झाले. मुलगा मधुकर यांनी व्हायोलिन पुढे चालवले. 1987 साली बुवा वारले.

अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ औंधला 1940 साली संगीत उत्सव सुरू केला. गजाननबुवांनी तो पुढे सांभाळला आणि तो आजही आश्विन महिन्यात भरतो. औंध सातारा जिल्ह्यात आहे, यमाईच्या डोंगराखाली. चौथी-पाचवीच्या मुलांनी नकाशात शोधून ठेवा, सोमवारी विचारीन.